नाना टिपणीसांचा अमेरिकन हत्ती

सन चौसष्टचा श्रावण होता. पनवेलच्या एस.टी. स्टँडसमोर नाना टिपणीसांचं चहा-फराळाचं हॉटेल होतं, त्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर एका सकाळी हत्ती उगवला. गेरूनं रंगवलेला, सोंड वर केलेला, पायांपेक्षा सुळे जाड असलेला. खाली चुन्यानं ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'हत्तीलाच मत द्या.'

आमच्या वाड्यात खळबळ उडाली. आम्ही धर्मांतरानंतरचे बौद्ध, आणि त्या काळी आमच्या पक्षाची निशाणी हत्तीच होती. ज्या हॉटेलात आमच्यातल्या कुणाला कधी बाकावर बसून चहा मिळाला नव्हता, त्याच हॉटेलच्या भिंतीवर आमची निशाणी. वाड्यातले चार म्हातारे धुतलेल्या टोप्या घालून, हार-नारळ घेऊन नानांचे आभार मानायला गेले. अर्ध्या तासानं नारळासकट परत आले. त्यांच्यातला तुकारामबाबा मला म्हणाला, "मास्तर, माणूस गोड बोलला. पण त्याचा हत्ती परगावचा निघाला."

दुसऱ्या दिवशी नानांनी खाली बारीक अक्षरांत एक ओळ वाढवली, 'फक्त अमेरिकेतील मतदारांसाठी.'

त्यानं गोंधळ कमी झाला नाही. कामोठ्याचा एक आगरी भाताची पोती उतरवून चहाला थांबला होता, त्यानं ती ओळ शेजाऱ्याकडून वाचून घेतली आणि नानांना विचारलं, "शेट, अमेरिकेचं मतदार आपल्या पनवेलान कवा येतान?" नाना हसले नाहीत. मुंबई-पुणे रस्ता आहे, कुठल्या गाडीतून कोण उतरेल सांगता येत नाही, असं त्यांनी त्याला गंभीरपणे समजावलं.

नाना टिपणीस हे असे होते. पाळण्यातलं नाव गजानन, त्यामुळे अमेरिकेतल्या ज्या पक्षाची निशाणी हत्ती, तो पक्ष आपल्याला जन्मतःच लागू झाला आहे, असं ते म्हणत आणि अर्धवट खरंही मानत. पन्नाशीचा माणूस, अंगानं किरकोळ, पांढरा लेंगा, अर्ध्या बाह्यांचा सदरा. सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. एक मराठीसाठी आणि एक इंग्रजीसाठी. इंग्रजीच्या पेनानं मराठी लिहिलं तर निब बिघडतं, असा त्यांचा सिद्धांत होता.

त्यांची नि माझी ओळख मात्र चहावरून झाली. साठ साली महाडहून बदली होऊन मी पनवेलच्या पोस्टात कारकून म्हणून आलो. पहिल्या दिवशी सामान पोस्टात टाकलं आणि समोर दिसलं त्या हॉटेलात शिरलो. बाकावर ऐसपैस बसलो, दोन वडे खाल्ले, चहा प्यालो. चहा उत्तम होता. दुसऱ्या दिवशी नाना स्वतः टेबलाशी आले, पोस्टातले नवे मास्तर का म्हणून चौकशी केली, नाव विचारलं. मी म्हटलं, गायकवाड. त्यांचा चेहरा उजळला. बडोद्याचे का, म्हणाले. मी म्हटलं, नाही, महाडकडचा. मग त्यांनी मी कुठे बिऱ्हाड केलंय ते विचारलं आणि मी वाड्याचं नाव सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी पायरी चढायच्या आत माझा चहा बाहेर आला. ओट्यावरच्या बाकड्यावर. काचेच्या ग्लासात, ज्याच्या बुडाशी लाल रंगाचा ठिपका होता. वर बशीत दोन बिस्किटं, जी मी मागितली नव्हती आणि ज्यांचे पैसेही लावले नव्हते. नाना दारात उभे राहून म्हणाले, बाहेर वारा छान येतो, मास्तर.

मुंबई-पुण्याचे प्रवासी त्या हॉटेलात रोज शेकड्यानं बसून खात होते. त्यांतले कोण कुठले, हे नानांना ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. माझं दुर्दैव एवढंच की ते मला ओळखत होते.

मी त्या ग्लासातून चहा प्यालो का? प्यालो. दोन दिवस गेलो नाही, तिसऱ्या दिवशी गेलो. पोस्टासमोर दुसरं हॉटेल नव्हतं, कायद्याचा कागद हातात घेऊन उभं राहावं असा माझा स्वभाव नव्हता, आणि बदलीच्या नोकरीत माणूस पहिल्या वर्षी भांडत नाही. हे सगळं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज सांगताना त्यातलं एकही कारण मला पुरेसं वाटत नाही.

पण नानांना माझ्याशिवाय करमत नसे, हीसुद्धा तितकीच खरी गोष्ट. कारण त्यांची अमेरिका माझ्या हातून येत असे. महिन्या-दीड महिन्यानं बोटीच्या टपालातून एक जाडजूड पुडकं यायचं. त्यात मासिकं, चोपडी, पत्रकं. सकाळी अकराला टपालाची मोटार आली की नाना पोस्टाच्या खिडकीशी हजर. पुडकं तिथंच फोडायचे आणि खिडकीच्या गजांतून मला अमेरिका समजावून सांगायचे. मी शिक्के मारत ऐकायचो.

त्यामुळे त्या देशाचं राजकारण मला आपल्या जिल्ह्याइतकं पाठ झालं. नाना सगळं इकडच्या मापानं सांगत. न्यूयॉर्क म्हणजे मुंबई, तिथले लोक लबाड. मधला प्रांत म्हणजे आपलं कळंबोली-शिरढोण, कष्टाळू आणि कमी बोलणारा. 'कॉन्झर्वेटिव्ह' या शब्दाला त्यांनी स्वतः मराठी शब्द काढला होता, राखणदार. लिबरल म्हणजे उधळे. राखणदार आधी मूठभर होते, लोक त्यांना हसत होते, मग त्यांनी मासिकं काढली, कॉलेजातली पोरं गोळा केली, घरोघर बायका चहाला जमवून पत्रकं वाटली, आणि बघता बघता हत्तीचा सगळा पक्ष ताब्यात घेतला. वाळवंटातल्या एका राज्याचा सिनेटर त्यांनी अध्यक्षपदाला उभा केला. हे सांगताना नानांचा आवाज असा चढे, की पोस्टकार्ड घ्यायला आलेली आगरी बाई खाडीच्या बांधावरच्या राखणदार देवाची गोष्ट चालली असेल म्हणून नमस्कार करून जाई.

त्या सगळ्याचं सार नानांनी एका वाक्यात बसवलं होतं, "उंबऱ्याच्या आत सरकार नाही." हे वाक्य ते कुणालाही ऐकवत. साखरेचा साठा बघायला आलेल्या इन्स्पेक्टरला. देवी टोचायला आलेल्या माणसाला. एकसष्टच्या शिरगणतीला आलेल्या शाळामास्तराला त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि स्वतः आत उभे राहून उत्तरं दिली. हिवतापाच्या फवारणीवाल्यांना तर त्यांनी ओट्यावरून परत पाठवलं. परिणामी सगळ्या पनवेलात ढेकूण कमी झाले, नानांच्या माजघरात वाढले. नाना खाजवत म्हणायचे, माझे आहेत, माझं मी बघतो.

गाव त्यांना 'सिनेटर' म्हणायचं. तोंडावरही. त्यांना ते आवडायचं.

ही पुडकी पाठवणारा क्लाइड नावाचा एक गृहस्थ होता. चव्वेचाळीस साली, लढाईच्या दिवसांत, अमेरिकन लष्कराचा एक ट्रक नानांच्या हॉटेलसमोर बंद पडला. मुंबईहून भाग यायला दोन दिवस लागले. ट्रकचा सार्जंट, क्लाइड, ते दोन दिवस नानांच्याकडे राहिला. माजघरात झोपला, स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवला. नानांच्या बायकोनं, माईंनी, त्याला हातानं भात कालवायला शिकवलं. तो गाय खाणारा आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नाना ही हकिकत मला किती तरी वेळा सांगत, बाहेरच्या बाकड्याशी उभे राहून, मी ठिपक्याच्या ग्लासातून चहा पीत असताना. क्लाइड पाटावर कसा मांडी घालू शकत नव्हता, हे ते मला करून दाखवत. त्यात काही खटकण्यासारखं आहे हे त्यांना एकदाही जाणवलं नाही. आणि मी एकदाही जाणवून दिलं नाही.

लढाई संपल्यावर क्लाइड आपल्या गावी, अलाबामात, लोखंडी सामानाचं दुकान चालवायला लागला. त्याची पत्रं येत राहिली. सुरुवातीला राजकारण नव्हतं, खिळे आणि मका आणि पोरंबाळं होती. राजकारण आलं ते माईंच्या आजारपणानंतर.

ही गोष्ट नानांनी मला एकदाच सांगितली. माईंना क्षय झाला होता. इकडे तेव्हा नवं औषध मिळत नव्हतं, मिळालं तर भेसळीचं. क्लाइडला कळताच त्यानं स्वतः खटपट करून औषधाच्या बाटल्यांचं पार्सल विमानानं धाडलं. ते मुंबईपर्यंत आठवड्यात आलं आणि तिथं परवाना नाही म्हणून अडकलं. नाना या कचेरीतून त्या कचेरीत फिरले. एका साहेबाला दाखला हवा होता, दुसऱ्याला त्या दाखल्याचा दाखला. पार्सल सुटलं तेव्हा माईंना जाऊन तीन आठवडे झाले होते. नानांनी ते कधी उघडलं नाही. त्यांचा मुलगा शरद तेव्हा दहा वर्षांचा होता.

हे सारं कळवायला नानांनी क्लाइडला लांबलचक पत्र लिहिलं. उत्तरात क्लाइडनं सांत्वनाच्या चार ओळी लिहिल्या आणि सोबत एक चोपडं पाठवलं. सरकारचा हात जितका लांब, तितकी माणसाची मान बारीक, असं काहीसं त्यात होतं. नाना म्हणाले, "मास्तर, इतक्या लांबच्या माणसानं माझ्या घरात काय झालं ते छापून ठेवलं होतं."

त्यानंतर मी त्यांच्या अमेरिकेला मनातल्या मनात हसायचं बंद केलं. माणूस कुठल्या जखमेवर कुठला कागद चिकटवील, ते दुसऱ्यानं ठरवायचं नसतं. फक्त तो कागद कुणाच्या अंगावर उलटतो, ते बघायचं राहतं.

शरद हुशार निघाला. त्रेसष्टला इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेला गेला, उत्तरेकडच्या एका विद्यापीठात. नानांनी स्टँडवर साखर वाटली. पासपोर्टासाठी त्यांना वर्षभर उंबऱ्याबाहेर धावपळ करावी लागली, पण त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. शरद रोज जेवतो की नाही ही एकच चिंता त्यांना होती, कारण पोरगं लहानपणापासून रागावलं की पान सोडून उठायचं. पण क्लाइड तिथं आहे, सुट्टीत शरद त्याच्या घरी जाईल, या भरवशावर ते निर्धास्त होते.

चौसष्टच्या उन्हाळ्यात नाना क्लाइडच्या एका पत्रानं फारच पेटले. अमेरिकेत नवा कायदा येऊ घातला होता. हॉटेल, खाणावळ, लॉज, जिथं लोकांना जेवण नि जागा मिळते, तिथं रंग बघून कुणाला दारातून परत पाठवता येणार नाही, असा. नाना गज धरून मला सांगत होते, की ही तर कमाल झाली. माणसानं स्वतःच्या पैशानं हॉटेल काढायचं आणि आत कुणाला बसवायचं ते दिल्लीनं, म्हणजे वॉशिंग्टननं, ठरवायचं. क्लाइडच्या घराण्यात आजोबा-पणजोबांपासून गाढवाच्या, म्हणजे हत्तीच्या विरोधातल्या पक्षाला मत देत आले होते, कारण तो त्यांच्या दक्षिणेचा पक्ष. आता त्याच पक्षाचं सरकार हा कायदा आणतंय म्हटल्यावर क्लाइड आणि त्याची सगळी आळी हत्तीकडे निघाली होती.

मी शिक्का मारायचा थांबलो. म्हटलं, "नाना, तसा कायदा आपल्याकडे आहे. नऊ वर्षं झाली."

"आहे ना," नाना म्हणाले. "पण त्याचा उपयोग होतो का? तुम्ही सांगा."

त्यांनी ते खरोखर माहिती म्हणून विचारलं. त्यांच्या डोळ्यांत खोच नव्हती. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या मागे रस्त्यापलीकडे त्यांचंच हॉटेल दिसत होतं, ओट्याच्या खांबावर खिळ्यावर माझा ग्लास उपडा अडकवलेला होता. मी म्हणालो, "नाही होत."

नाना खूश झाले. हेच क्लाइडला लिहितो म्हणाले. आणि लिहिलं. दोन महिन्यांनी त्या पत्राचं कात्रण आलं. क्लाइडनं ते त्याच्या गावच्या वर्तमानपत्राला दिलं होतं आणि त्यांनी चौकटीत छापलं होतं. हिंदुस्थानातल्या एका हॉटेलमालकाचं राखणदारांना पत्र. हॉटेल ज्याचं, मर्जी त्याची, हा नियम आमच्या देशातही शहाणे लोक पाळतात, असा मजकूर होता. शेवटी एक ओळ होती, की असा कायदा आमच्याकडे नऊ वर्षं आहे, आणि पोस्टात नोकरीला असलेले माझे एक सुशिक्षित मित्र स्वतः सांगतात की त्याचा काही उपयोग होत नाही.

नानांनी ती ओळ मला गजांतून बोट ठेवून दाखवली. "तुम्हीसुद्धा अमेरिकेत छापून आलात, मास्तर."

मी त्या रात्री बायकोला काही सांगितलं नाही.

मग तो कायदा तिथं झालाच, वाळवंटातला सिनेटर उभा राहिला, आणि पनवेलच्या भिंतीवर हत्ती उगवला, ते सुरुवातीला सांगितलं.

भाद्रपदात शरद सुट्टीला क्लाइडच्या गावी गेला. दोन दिवसांचा बसचा प्रवास. तो जाणार हे कळल्यावर नानांनी मला रोज खिडकीशी येऊन, आता तो कुठं असेल ते सांगितलं. पुढं निळं हवाई पत्र आलं. मीच शिक्का मारला, मीच हातात दिलं. नानांनी खिडकीशी उभं राहून वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग गेले. इंग्रजीचं पेन खिडकीवर विसरले, ते मी ड्रॉवरमध्ये ठेवलं.

आठ दिवस नाना पोस्टात आले नाहीत. क्लाइडचं पुडकं आलं, ते पडून राहिलं. हॉटेल चालू होतं, पण गल्ल्यावर आचारी बसलेला दिसायचा.

नवव्या दिवशी रविवार होता. सकाळी अकराच्या सुमाराला वाड्यातली पोरं ओरडत आली, सिनेटर आलाय, सिनेटर आलाय. मी बाहेर आलो तर नाना आमच्या दारात उभे. पायात वहाणा, हातात कोरं हवाई पत्र. चार वर्षांत ते या बाजूला कधी आले नव्हते. रस्ता विचारत आले असणार. मी या म्हटलं. ते आत आले आणि मी दाखवायच्या आत खाटेवर बसले.

त्यांनी शरदचं पत्र माझ्या हातात दिलं. पत्र मराठीत होतं आणि लहान होतं. क्लाइडकाका बसच्या थांब्यावर स्वतः घ्यायला आले, त्यांनी मिठी मारली, आईची आठवण काढली. मग तिथून थेट गावातल्या खाणावळीत जेवायला नेलं. मालक क्लाइडचा शाळेपासूनचा मित्र. तो दाराशी आला, क्लाइडला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलला. क्लाइडकाका परत आले आणि म्हणाले, बाळ, तू गाडीत बस, मी तुझं ताट बाहेर आणतो. कायदा झालाय खरा, पण इथं तो कुणी मानत नाही, आणि हॉटेल त्याचं आहे, तुझ्या वडिलांना हे पटेल. त्यांनी ताट आणलं. वर गोडाचा एक तुकडा होता, तो मालकानं आपणहून दिला होता. मालक गाडीपर्यंत आला, खूप छान बोलला. म्हणाला, तुझ्या वडिलांचं पत्र आम्ही काचेत घालून आत भिंतीवर लावलंय, फार चांगलं लिहितात.

शेवटी शरदनं लिहिलं होतं, नाना, मी ते पत्र वाचायला आत जाऊ शकलो नाही. त्यात काय लिहिलंय?

मी कागद घडी करून परत दिला. त्या भिंतीवर माझीही एक ओळ होती. पोस्टातले सुशिक्षित मित्र.

नानांनी पत्र खिशात घातलं. मग म्हणाले, "मास्तर, आठ दिवस झाले, मायना लिहितो आणि थांबतो. तुम्हाला एक विचारू?"

"विचारा."

"तुम्हाला पहिल्यांदा कुणी असं दारातून परत पाठवलं, तेव्हा तुमच्या वडिलांनी तुम्हाला काय सांगितलं?"

हे त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं. ज्यानं तो रोग काढलाय त्याला औषध विचारावं तसं. चुकलो, असं म्हणाले नाहीत. ठिपक्याच्या ग्लासाचं नाव काढलं नाही. मला संताप आला. क्लाइडला विचारा, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. चार वर्षं मी ज्या बाकड्यावर बसलो त्या बाकड्याला विचारा, असंही आलं. पण पन्नाशीचा माणूस समोर कोरा कागद घेऊन बसला होता आणि त्याची दाढी वाढलेली होती.

मी सांगितलं. मी नऊ वर्षांचा होतो. महाडच्या बाजारात एका मिठाईवाल्याच्या पायरीवर पाय ठेवला म्हणून त्यानं मला ढकललं. वडिलांनी पाहिलं. ते काही बोलले नाहीत. मला खांद्यावर घेतलं आणि भर बाजारातून घरापर्यंत चालत आले. मी खांद्यावर बसण्याच्या वयाचा नव्हतो, माझे पाय त्यांच्या पोटाखाली लोंबत होते आणि लोक बघत होते. घरी आल्यावर आईला म्हणाले, याला जेवायला वाढ.

नाना ऐकत होते. मग म्हणाले, "खांद्यावर घ्यायला तो इथं पाहिजे."

तेवढ्यात माझ्या बायकोनं आतून मला हाक मारली आणि हळूच विचारलं, हे जेवतील का? तिनं सुका जवळा नि तांदळाची भाकरी केली होती. मी म्हटलं, विचारून बघ. तिनं विचारलं नाही, ताट आणून त्यांच्यासमोर ठेवलं. नानांनी हात धुतले आणि जेवायला लागले. कुठं बसलोय, कुणाच्या ताटात जेवतोय, याचा त्यांना पत्ता नव्हता. मुद्दाम काही दाखवायचं म्हणून जेवणारा माणूस वेगळा दिसतो. हे भुकेनं जेवत होते. तिसऱ्या भाकरीला म्हणाले, माई यात कोकम टाकायची. मग हात थांबला.

"आठ दिवस पान पुढं आलं की तोच दिसतो, मास्तर. गाडीत मांडीवर ताट घेऊन बसलेला. तो रागावला की जेवत नाही. त्यानं ते ताट खाल्लं की नाही, हे पत्रात लिहिलेलंच नाही."

बायकोनं भाकरी वाढली. मी ड्रॉवरमधलं त्यांचं पेन पोस्टातून आणून देऊ का विचारलं. नको म्हणाले, मराठीचं आहे. ताटाशेजारी कागद ठेवून त्यांनी एका दमात पत्र लिहिलं. तीन ओळी. माझ्या पत्रात वाईट लिहिलं होतं. ते वाचायला आत जाऊ नकोस. जेवतोस ना, ते उलट टपाली कळव.

त्यांनी माझी माफी मागितली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. दुसऱ्या दिवशी ओट्याच्या खांबावरचा ग्लास मात्र दिसला नाही, खिळा तेवढा राहिला. त्यांनी मला आत या म्हटलं नाही. मीही आपणहून गेलो नाही. चहा ते स्वतः कपबशीत घेऊन रस्ता ओलांडून पोस्टाच्या खिडकीशी आणू लागले. पहिल्याच दिवशी मी ड्रॉवरमधलं इंग्रजीचं पेन त्यांना परत दिलं. याहून पुढं दोघांनाही जमलं नाही. क्लाइडची पुडकी येत राहिली. नाना ती नेत, पण खिडकीशी फोडत नसत. पावसानं भिंतीवरच्या हत्तीचे पाय गेले, मग पोट गेलं. नानांनी पुन्हा रंग दिला नाही.

शरदचं उत्तर येईना. नाना रोज अकराला यायचे, चहा ठेवायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे. मी मान हलवायचो. असे चाळीस दिवस गेले असतील.

दिवाळी नुकतीच झाली होती. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात अमेरिकेच्या निवडणुकीचा निकाल होता. हत्तीचा सिनेटर दाणकन आपटला होता. त्याचं स्वतःचं राज्य आणि दक्षिणेतली पाच राज्यं, बाकी सगळीकडे पडला होता. त्या पाचांत क्लाइडचं राज्य होतं. जिथं आजोबा-पणजोबांनी कधी हत्तीला दारात उभं केलं नव्हतं, तिथंच तो जिंकला होता. का जिंकला, ते आम्हा दोघांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हरला तरी तो हत्ती त्या देशात त्या वाटेनं शिरला, आणि पुढं फार मोठा झाला, हे मी नंतर वर्षानुवर्षं वाचत आलो.

त्याच दिवशीच्या टपालात निळं पत्र होतं.

नाना आले. मी म्हटलं, "नाना, तुमचा हत्ती पडला."

"हो का," म्हणाले आणि गजांतून हात पुढं केला.

त्यांनी पत्र उभ्या उभ्या वाचलं. लहानच होतं. घडी घातली, सदऱ्याच्या खिशात दोन पेनांच्या मागे ठेवलं, वरून तळहातानं दाबलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"जेवतो म्हणतो."